थायलंडमध्ये रात्री कुठे मुक्काम केला तेही पोलिसांना कळवावं लागतं. हा मानवी हक्कांचा भंग आहे का?

बँकॉक-पट्टायाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, हॉटेलच्या काउंटरवर सगळ्यात आधी काय मागतात? पासपोर्ट. काउंटरवरचा माणूस त्याची झेरॉक्स काढतो, आपण चावी घेऊन लिफ्टकडे जातो आणि विसरून जातो. पुढच्या २४ तासांत आपलं नाव, पासपोर्ट नंबर आणि मुक्कामाचा पत्ता थायलंडच्या इमिग्रेशन पोलिसांकडे गेलेला असतो. हॉटेलवाल्यानं तो पाठवला नाही, तर त्याला २ हजार ते १० हजार बाथपर्यंत दंड होऊ शकतो.

चार दिवसांच्या ट्रिपमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही. पण जे तिथे नोकरी करतात, लग्न करून राहतात किंवा रिटायर होऊन स्थायिक झालेत, त्यांच्यासाठी हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. सरकारला आपला पत्ता पुन्हा पुन्हा कळवायला लावणं ही साधी कागदपत्रांची कटकट आहे, की माणसाच्या हक्कांवर घाला आहे?

नियम नेमका काय आहे?

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ सालचा. त्यातली दोन कलमं इथे महत्त्वाची.

कलम ३७ परदेशी माणसाला लागू होतं. तात्पुरत्या परवानगीवर राहणाऱ्यानं आपण सांगितलेल्या पत्त्यावरच राहायचं. पत्ता बदलला तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं. दुसऱ्या प्रांतात जाऊन २४ तासांपेक्षा जास्त राहिलात तर ४८ तासांत तिथल्या पोलिसांना कळवायचं. आणि देशात सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर दर ९० दिवसांनी ‘मी अजून इथेच राहतोय’ असं लेखी द्यायचं. हा शेवटचा रिपोर्ट टीएम-४७ नावाच्या फॉर्मवर जातो. लक्षात घ्या, यानं व्हिसा वाढत नाही. तुमच्याकडे वर्षभराचा व्हिसा असला तरी वर्षातून चारदा ही हजेरी असतेच.

कलम ३८ घरमालकाला लागू होतं. परदेशी माणसाला घरात ठेवून घेतलं की मालकानं २४ तासांत कळवायचं. हाच तो टीएम-३० फॉर्म. थायलंडमधल्या परदेशी लोकांच्या ग्रुपमध्ये या नावाइतक्या शिव्या दुसऱ्या कशालाच बसत नसतील.

कारण थायलंडमध्ये परदेशी माणसाला साधारणपणे जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे थाई बाईशी लग्न केलेल्याचं घर बहुतेकदा बायकोच्या नावावर असतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत बायको झाली घरमालक आणि नवरा झाला तिनं ‘ठेवून घेतलेला परदेशी’. आपल्याच नवऱ्याची खबर तिनं २४ तासांत पोलिसांना द्यायची.

२०१९ मध्ये भडका का उडाला?

कायदा जुना होता, पण कित्येक वर्षं तो बऱ्याच ठिकाणी कागदावरच होता. २०१९ मध्ये इमिग्रेशन विभागानं टीएम-३० कडक करायला सुरुवात केली. ‘चांगले आत, वाईट बाहेर’ ही त्या काळातली या विभागाची घोषणा. गुन्हेगार आणि मुदत संपूनही राहणारे लोक शोधायला पत्ते हवेत, असं सरकारचं म्हणणं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? बँकॉकमध्ये राहणारा माणूस शनिवार-रविवार चियांग माईला गेला. तिथल्या हॉटेलनं त्याचा मुक्काम कळवला. सोमवारी तो स्वतःच्या घरी परतला, तर घरमालकानं त्याला पुन्हा कळवायला हवं. दरवेळी, त्याच पत्त्यासाठी. मालक कधी परगावी, कधी म्हातारा आणि ऑनलाइनचं काही न कळणारा, तर कधी भाड्याचं उत्पन्न सरकारला दिसू नये म्हणून मुद्दाम टाळाटाळ करणारा. मग हा परदेशी माणूस व्हिसा वाढवायला गेला की काउंटरवर उत्तर मिळायचं: आधी टीएम-३० आणा, दंड भरा, मग बोलू.

मेख इथे आहे. कायद्यानं जबाबदारी मालकाची. काम अडतं भाडेकरूचं. त्यामुळे मालकाच्या चुकीचा दंड बऱ्याचदा भाडेकरूच मुकाट्यानं भरतो, कारण त्याला तिथे राहायचं असतं.

ऑनलाइन याचिका निघाली, पेपरात लेख आले. ऑगस्ट २०१९ मध्ये बँकॉकच्या परदेशी पत्रकारांच्या क्लबात इमिग्रेशनचे अधिकारी आणि चिडलेले रहिवासी समोरासमोर आले. जून २०२० च्या शेवटी नियम सैल झाला: पत्ता एकदा कळवलेला असेल आणि माणूस त्याच पत्त्यावर परतत असेल, तर पुन्हा कळवायची गरज नाही. ९० दिवसांचा रिपोर्ट मात्र राहिला. तो आता ऑनलाइन किंवा पोस्टानंही करता येतो, पण पहिल्यांदा स्वतः जावं लागतं.

मग हक्कांचं काय?

इथे सोशल मीडियावर दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, ‘त्यांचा देश, त्यांचे नियम, पटत नसेल तर परत जा.’ दुसरं म्हणतं, ‘ही तर पॅरोलवरच्या कैद्याची वागणूक.’ दोन्ही चूक आहेत.

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा. थायलंड त्यात १९९६ मध्ये सामील झाला, भारत १९७९ मध्ये. त्याच्या कलम १२ नुसार देशात कायदेशीरपणे असलेल्या प्रत्येकाला फिरण्याचं आणि राहण्याची जागा निवडण्याचं स्वातंत्र्य आहे. शब्द ‘प्रत्येकाला’ असा आहे, ‘नागरिकाला’ असा नाही. कलम १७ खासगी आयुष्यातल्या मनमानी ढवळाढवळीपासून संरक्षण देतं. म्हणजे कुणाला देशात घ्यायचं हे सरकार ठरवू शकतं, पण एकदा रीतसर आत घेतलं की मनाला येईल तसं वागवता येत नाही.

हे हक्क अमर्याद नाहीत. राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य अशा कारणांसाठी त्यांवर बंधनं घालता येतात. पण ती कायद्यानं घातलेली हवीत आणि खरोखर आवश्यक हवीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं १९९९ मध्ये याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकापेक्षा वेगळी वागणूक द्यायची असेल, तर तिचंही समर्थन याच कसोटीवर करावं लागेल. आणि उद्देश साधणारे जे उपाय असतील, त्यांतला कमीत कमी जाचक उपाय निवडायला हवा.

आता ही फूटपट्टी थायलंडला लावा. नियम कायद्यात आहे, ठीक. उद्देशही योग्य आहे. शिवाय हे कळवणं आहे, परवानगी मागणं नाही. चियांग माईला जायला कुणाला विचारावं लागत नाही. एवढ्यापुरतं बघितलं तर हक्कभंग म्हणणं कठीण.

गाडी अडते ‘आवश्यक’ या शब्दावर. पत्ता बदललेलाच नाही, तरी दर ९० दिवसांनी तोच पत्ता पुन्हा का द्यायचा? सुरक्षेसाठी, असं उत्तर येतं. मग २०२२ मध्ये आलेल्या दहा वर्षांच्या एलटीआर व्हिसाचं बघा. श्रीमंत गुंतवणूकदार, सधन पेन्शनर, उच्च कौशल्याचे तज्ज्ञ यांच्यासाठी तो काढला आणि त्यांना हाच रिपोर्ट वर्षातून एकदाच ठेवला. वर्षातून एकदा विचारून भागत असेल, तर बाकीच्यांना चारदा विचारणं ‘आवश्यक’ कसं ठरतं? की मोठ्या बँक बॅलन्सवाला माणूस कमी धोकादायक असतो?

आणि या वादात ज्यांचा आवाज क्वचित ऐकू येतो ते वेगळेच. टीएम-३० वर इंग्रजीत ब्लॉग लिहिणारे बहुतेक युरोप-अमेरिकेचे. पण ९० दिवसांची हजेरी म्यानमार, कंबोडिया, लाओसहून आलेल्या मजुरांनाही आहे, मासळी कारखान्यात आणि बांधकामावर राबणाऱ्यांना. थाई फॉर्म भरता येत नाही, एक दिवस ऑफिसला गेलं की रोजी बुडते, म्हणून हे काम मालकाकडे किंवा एजंटकडे जातं, आणि त्याच्याबरोबर मजुराची कागदपत्रंही त्यांच्या हातात जातात. माझ्या मते हक्कांचा खरा प्रश्न रिटायर झालेल्या गोऱ्या साहेबाच्या दंडाच्या पावतीपेक्षा इथे जास्त मोठा आहे.

बाकी जग काय करतं?

जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत नोंद करावी लागते. पण ती सगळ्यांनाच, जर्मन माणसालाही. जपानमध्येही पत्ता बदलल्यावर १४ दिवसांत कळवणं जपानी आणि परदेशी दोघांनाही आहे. ओझं सगळ्यांवर सारखं असलं की भेदभावाचा मुद्दा बराचसा संपतो.

जपान नेहमी असा नव्हता. तिथे परदेशी म्हणून नोंद असलेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत, आणि त्यात मोठा भाग जपानमध्येच जन्मलेल्या कोरियन वंशाच्या लोकांचा होता. १९८० च्या दशकात अनेकांनी ठसे द्यायला नकार दिला, खटले अंगावर घेतले. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, विनाकारण ठसे द्यायला भाग पाडलं जाऊ नये हे स्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे, असं मान्य केलं, पण ठशांची पद्धत मात्र वैध ठरवली. तोवर कायमस्वरूपी रहिवाशांना त्यातून सूट मिळालीच होती. २००० मध्ये पद्धतच रद्द झाली. पुढे २००७ पासून विमानतळावर ठसे परत आले, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेत पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ फॉर्म भरायचा असतो. न्यू जर्सीत घर बदललेल्या आपल्या मराठी एच-१बी वाल्यांपैकी किती जण तो वेळेत भरतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावा. तिथलं जास्त गंभीर उदाहरण २००२ चं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २५ देशांच्या पुरुषांना खास नोंदणी करायला लावली. उत्तर कोरिया सोडला तर सगळे देश मुस्लिमबहुल. ८० हजारांहून अधिक पुरुषांनी आपण होऊन नोंद केली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाचा गुन्हा त्यातून एकही सिद्ध झाला नाही. २०१६ च्या अखेरीस ही योजना अधिकृतपणे मोडीत निघाली. पत्ता देणं धोकादायक ठरतं ते असं.

आणि आपल्याकडे?

थायलंडला नावं ठेवण्याआधी आपलं बघू. भारतातही परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल, लॉज, होमस्टे, अगदी घर भाड्यानं देणाऱ्यानंही २४ तासांत कळवायचं असतं. गोव्यात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना ‘फॉर्म सी’ हे नाव चांगलं पाठ आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यानं १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे मोडीत काढले, पण ही जबाबदारी कायम ठेवली. विद्यापीठं आणि हॉस्पिटलांनीही परदेशी विद्यार्थ्यांची, पेशंटची माहिती द्यायची आहे. हॉस्पिटलचा मुद्दा नाजूक आहे, कारण नोंद होईल या भीतीनं कुणी उपचार टाळला तर जीवावर बेतू शकतं.

आपली राज्यघटना काय म्हणते? देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ फक्त नागरिकांसाठी आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१ मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९३७ पासून भारतात राहिलेल्या बेल्जियमच्या एका मिशनऱ्याच्या खटल्यात हेच सांगितलं: परदेशी माणसाला कलम २१ चं संरक्षण आहे, स्थायिक होण्याचा हक्क नाही.

पण २१ मध्ये किती मावतं ते जुलै २०२४ मध्ये दिसलं. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना गुगल मॅपवर आपलं लोकेशन तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवण्याची अट घातली होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. पोलिसांना आरोपीच्या खासगी आयुष्यात सतत डोकावता येईल अशी अट कलम २१ मध्ये बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. आरोपी परदेशी होता, गुन्हा गंभीर होता, तरीही.

पत्ता एकदा विचारणं आणि माणसावर सतत नजर ठेवणं यांच्यातली रेघ या निकालानं आपल्यापुरती आखून दिली. थायलंडची ९० दिवसांची हजेरी या रेघेच्या अलीकडेच पडते, पण फार लांब नाही. पुण्यात किंवा कळंगुटला तुम्ही फ्लॅट परदेशी विद्यार्थ्याला किंवा पर्यटकाला देत असाल, तर माहिती ऑनलाइन भरायला २४ तास असतात. तुम्ही ती भरली नाही, तर व्हिसाच्या पुढच्या कामाला अडून राहायची वेळ त्याच्यावर येऊ शकते.