खोताच्या वहीपासून ‘आपली चावडी’पर्यंत : दिघी परिसरातील जमिनीच्या नोंदी

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यात दिघी वसले आहे. समोरच्या काठावर मुरूड तालुक्यातले आगरदांडा आहे. भाताची खाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन हे या पट्ट्याचे जुने धन. बांध कुठे घातला यावरून भांडणे झालीच, पण त्याहून खोल भांडण कागदाचे होते. जमिनीची नोंद कोणाच्या ताब्यात आहे, ती कोणाला पाहता येते आणि तीत बदल कोण करू शकतो, यावर इथल्या माणसाचे स्थान ठरत आले आहे.

हा प्रदेश शतकानुशतके जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अमलाखाली होता. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळे हे संस्थानाचे महाल. पुढे पेशवे झालेल्या भट घराण्याकडे दंडा-राजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी होती. देशमुख-देशपांडे असोत की देशावरचे कुलकर्णी, वतनदारीत कागदपत्र सरकारी कामाचे असले तरी त्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वतनदाराच्या घरी राहत. घराण्यात वाटणी झाली की दप्तर कोणाकडे जाणार हा वाद हमखास उभा राही, कारण दप्तर हाती असणाराच हक्क सिद्ध करू शके. लेखन मोडी लिपीत असल्याने कसणाऱ्यासमोर कागद ठेवला तरी बहुधा त्याला तो वाचता येत नसे. नोंद पाहण्याची मुभा आणि नोंद समजण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीच्या अभावी पहिलीला फारसा अर्थ उरत नाही.

पेशवाई संपल्यावर पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांची छाननी करण्यासाठी सरकारने ते मनसोक्त वापरले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि शेकडो घराण्यांच्या हक्कांचा निवाडा या रुमालांवरून झाला. इतिहास अभ्यासकांना मात्र दार दीर्घकाळ बंदच होते. वि. का. राजवाड्यांनी म्हणूनच घराघरांतली दप्तरे धुंडाळली आणि 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. सरकारी दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 भागांत छापले गेले ते 1930 नंतरच्या काही वर्षांत.

कोकणात मात्र खरा पेच खोतीचा होता. खोत हा गावचा सारा सरकारात भरण्यास जबाबदार असलेला मध्यस्थ. त्याबदल्यात कुळांकडून वसुली करण्याचा अधिकार त्याला मिळे. कोणाकडून किती भात आले, कोणाची बाकी किती, हे खोताच्या वहीत असे. कुळाकडे बहुतेक वेळा पावती नसे. पिढ्यान्‌पिढ्या तीच खाचरे कसणाऱ्या माणसाजवळ आपण कसतो याचा लेखी पुरावाच नसावा, ही या व्यवस्थेतली सर्वात क्रूर गोष्ट होती, आणि ती फक्त वहीच्या मालकीमुळे शक्य झाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मोजणी खात्याने रत्नागिरीकडे कुळांची नावे आणि देणे लिहायला घेतले, तेव्हा खोतांनी कडाडून विरोध केला. त्या दीर्घ वादातून 1880 चा खोती कायदा आला. कुळाचे नाव सरकारी कागदावर चढले की त्याला हुसकावणे अवघड होते, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

पुढे अलिबागजवळच्या चरी गावात 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतीविरुद्ध कुळांनी जमीन कसणेच थांबवले आणि हा संप 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1948 मध्ये जंजिरा संस्थान विलीन होऊन त्याचा मुलूख तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात आला. जंजिरा आणि भोर या विलीन मुलखांतली खोती रद्द करण्यासाठी 1953 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. दिघी परिसराच्या दृष्टीने तोच निर्णायक टप्पा होय.

हक्कनोंदीची चौकट मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने घातली आणि 1913 मध्ये ती जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू आहे. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण पाहणे, लिहिणे आणि मंजूर करणे हे तीन अधिकार तिने वेगळे ठेवले आहेत. खरेदी, वारसा, वाटणी यांनी हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय वरचा अधिकारी करतो. हरकत नसली तरी तलाठ्याने लिहिलेली नोंद तो स्वतः पक्की करू शकत नाही. मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती सातबाऱ्यावर येते. नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहता यावेत, नकला मिळाव्यात, अशी तरतूद कलम 327 मध्ये आहे. एकेकाळी माळ्यावर बांधून ठेवलेले दप्तर कायद्याने असे गावासमोर उघडे झाले.

हेच टप्पे पुढे ई-फेरफार प्रणालीत गेले. तलाठी आणि मंडल अधिकारी यांची लॉगिन वेगळी, अधिकार वेगळे, आणि सहीच्या जागी डिजिटल स्वाक्षरी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा विनास्वाक्षरी उतारा केवळ माहितीसाठी असतो. स्वाक्षरी असलेल्या उताऱ्याला शुल्क पडते.

नोंद कोण पाहणार आणि कोण बदलणार हा प्रश्न फक्त जमिनीपुरता नाही. कंपन्या ग्राहकांची माहिती ठेवण्यासाठी वापरतात त्या सीआरएम सॉफ्टवेअरमध्येही तो उभा राहतो. प्रत्येक नोंदीला एक मालक असतो. पदाच्या उतरंडीनुसार वरिष्ठाला हाताखालच्यांच्या नोंदी दिसतात. शिवाय ठरावीक गटाला नोंद वाटून देण्याचे नियम करता येतात. नुसते वाचणे, बदलणे आणि पुसणे यांची परवानगी स्वतंत्र असते, आणि कोणी कधी काय बदलले याचा माग ठेवता येतो. मात्र तिथे जाणकार सुरुवातीला सगळे बंद ठेवून गरजेपुरते उघडण्याचा सल्ला देतात, कारण नोंद ग्राहकाच्या खासगी बाबींची असते. सातबाऱ्याची रीत उलटी: पाहणे सर्वांना खुले, लिहिणे मोजक्यांना. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. खोतीचा अनुभव गाठीशी असलेल्या प्रदेशात जमिनीची नोंद पुन्हा झाकली जाणे मात्र कोणत्याही सबबीखाली परवडणारे नाही.

जमिनीची नोंद उघडी असण्याचे महत्त्व आज वाढले आहे. दिघी बंदर 2021 मध्ये अदानी पोर्ट्सने दिवाळखोरी प्रक्रियेतून 705 कोटी रुपयांना घेतले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश झाला. जमिनीला मागणी आली की नोंदीची किंमत वाढते. इथली अनेक कुटुंबे कामधंद्यासाठी मुंबईत असतात आणि गावच्या चावडीवर लागलेली नोटीस त्यांच्या नजरेस पडणे कठीण असे. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा दिसू लागल्याने मुंबईतल्या खोलीत बसूनही मुदतीत हरकत घेण्याची शक्यता निर्माण झाली. मात्र जिथे वारसनोंद झालेली नाही आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, तिथे नोटीसही आजोबांच्याच नावाने निघते. अशा खात्यांवर आधी वारसनोंद करून घेणे, हेच आज दिघी परिसरातल्या खातेदारांपुढचे पहिले काम आहे.