टपाल, विमान आणि वाघ

परवा नातवाने फोनवर बेत सांगितला, "आबा, केनियासारखं छोट्या विमानाने ताडोबा, नागझिरा, कान्हा करू." धावपट्ट्या आहेत खऱ्या. गोंदियाजवळची बिरसीची इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. चंद्रपूरजवळ मोरव्याला एक आहे. आणि आपलं सोनेगाव! १९४९पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल-विमानं मध्यरात्री इथे जमत, थैल्या बदलून परतत. जंगलं मात्र धावपट्ट्यांनी जोडली जात नाहीत. २०१९ साली टिपेश्वरचा एक वाघ शेतं, रस्ते ओलांडत पायी बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. ती वाट वरून दिसायची नाही. गुडघे कुरकुरतात, तरी म्हटलं, "बाळा, गाडीनेच जाऊ." बघू, हिवाळ्यात जमतं का!