माशा, अभ्रक आणि ओट्याखालचं कपाट

ओट्याखालच्या कपाटाच्या दारांना काय लावायचं, असं सुतार विचारतो, की मला १९२६ सालचं फ्रँकफुर्ट आठवतं. तिथल्या नगरपालिकेच्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यकारबाईंनी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईचे कष्ट वाचावेत, हा हेतू. दारांना निळसर रंग दिला. निळ्यावर माशा बसत नाहीत, असा तेव्हा समज होता. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, किडे दूर राहावेत म्हणून.

आपल्या सनमायकाचं कूळ वेगळं. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर यांनी विजेच्या यंत्रांतल्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला, पर्याय काढला : राळेत भिजवून दाबलेले थर. 'मायकाऐवजी' म्हणून इंग्रजीत 'फॉर्मायका'! स्वयंपाकघराचा तेव्हा संबंधच नव्हता. १९३८ मध्ये वरच्या थरात मेलामाइन आलं आणि रंगीत, उष्णता सोसणारा पत्रा मिळाला. फोडणीचा चिकट थर ओल्या फडक्यानं निघतो, तो या मेलामाइनमुळे.

कड उघडी राहिली तर मात्र पाणी शिरतं, प्लाय फुगतो. म्हणून मी रंगाआधी कडेची पट्टी पाहते.