खुराक

मागच्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी कोल्हापूरला गेलो होतो. घर राजारामपुरीत. संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी एक नवीन दुकान. काचेमागे प्रोटीन पावडरचे हे भलेमोठे डबे. आत एक कॉलेजचा पोरगा, बाहेर स्कूटरवर त्याचे वडील. किंमत ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात पैलवानाचा खुराक व्हायचा की रं!"

झालं, विकेंडला डोक्याला खुराक मिळाला :)

शब्द मूळचा फारसी. 'खुर्दन' म्हणजे खाणे, त्यावरून खुराक. लाचखोर, हरामखोर यातला 'खोर' याच घरातला, म्हणजे खाणारा. पुढे आपण तो इतका आपलासा केला की अस्सल मराठी भांडणालाही जोडून 'भांडखोर' केला. हिंदीत 'ती' खुराक, आणि औषधाचा डोससुद्धा खुराकच. मराठीत मात्र 'तो' खुराक. कोल्हापुरात तर तो पैलवानच!

पण खुराक म्हणजे नुसतं खाणं नव्हे. जेवण सगळेच जेवतात. 'पोषण आहार' हा सरकारी शब्द, शाळेच्या खिचडीबरोबर घरोघरी पोचलेला. खुराक म्हणजे पोटापेक्षा जास्तीचं, आणि काहीतरी अपेक्षा ठेवून दिलेलं. म्हशीला वैरण असतेच, पण पेंड-भरडा हा खुराक, कारण दूध वाढायला हवं. दहावीच्या पोराला भिजवलेले बदाम, कारण मार्क हवेत. मस्ती करणाऱ्याला 'जरा खुराक द्यायला पाहिजे' म्हणतात, तेव्हासुद्धा सुधारणेची अपेक्षा असतेच!

म्हणजे खुराक म्हटला की लगेच दुसरा प्रश्न येतो. देणार कोण?

कोल्हापुरात याचं उत्तर बराच काळ सोपं होतं. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिलं. खासबाग मैदान १९१२ चं. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, मटण हे सगळं रोज पोटात जायचं, तर मागे कुणीतरी खंबीर लागतो. तो खंबीर माणूस म्हणजे दरबार. १९४८ ला खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले, तो खर्चही कोल्हापूरच्या महाराजांनी केला.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५२ ला खाशाबांना हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा पैशासाठी दारोदार फिरायची वेळ आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तालमी बंद पडल्या नाहीत. १९५९ ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, ते शाहूपुरी तालमीत तयार झालेले. पण दरबाराच्या जागी आता बरेचदा पैलवानाचं घर आलं. आणि घरात खाणारी तोंडं एकापेक्षा जास्त असतात.

हे सगळं मला पुस्तकातलं वाटायचं. त्या रात्री थोरले चुलते जेवायला आले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तरुणपणी ते तालमीत होते एवढंच मला ठाऊक. सहज विचारलं, "तात्या, तुमचा खुराक किती होता हो?"

"सकाळी दोन लिटर दूध, रात्री दोन लिटर. बदाम वेगळे. रविवारी मटण."

"मग तालीम सोडली का?"

"खुराक बंद झाला. दोन वरसं झाली असतील-नसतील. म्हातारा म्हणाला, दूध डेरीला घालूया." भाकरी मोडता मोडता पुढे म्हणाले, "तुझ्या बापाची कॉलेजची फी भरायची हुती."

बाबा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. तात्यांच्या ताटात त्यांनी आणखी एक वाटी रस्सा वाढला.

बाबा शिकले, नोकरीला लागले, राजारामपुरीत आले. म्हणून मी इंजिनिअर झालो आणि आज एसीत बसून 'ब्रेनला खुराक' म्हणत कोडी सोडवतो. या हिशेबात चार लिटर दूध कुठे जमा आहे, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोन किलो बदाम घेतले आणि तात्यांकडे गेलो. त्यांनी पिशवी हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाले, "आता मला पचायचं न्हाई हे. तालमीत नवी पोरं आल्यात, चल, तिथं दिऊन येऊ."

गेलो मग दोघं. असो.