उजेडाची जत्रा

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागाचे दक्षिण टोक, जेथे भुयारी रेल्वेचे चार मार्ग येऊन संपतात आणि पुढे अटलांटिक महासागराखेरीज काही उरत नाही, ते कोनी आयलंड या नावाने प्रसिद्ध आहे. श्रीमंतांच्या सुट्टीचा इतिहास कोणत्याही देशात सहज सापडतो. त्यांचे बंगले, त्यांची थंड हवेची ठिकाणे आणि त्यांची पत्रे मागे राहतात. परंतु ज्याची रजा रविवारच्या एका दिवसात सुरू होऊन त्याच दिवशी संपते, जो सकाळी बायकामुले आणि शिदोरी घेऊन निघतो आणि सोमवारी पहाटे पुन्हा शिवणयंत्रावर किंवा गोदीवर हजर असतो, त्याच्या सहलीचे दप्तर कोण ठेवणार? कोनी आयलंड ही अशा माणसांची जागा होती, आणि तिचा वृत्तान्त बव्हंशी दिव्यांचा वृत्तान्त आहे, असे आम्हांस वाटते.

एडिसनने मॅनहॅटनच्या पर्ल स्ट्रीटवरील आपले वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले, तेव्हा त्यावर सुमारे ४०० दिवे लागले, आणि ते लागले मुख्यतः पेढ्यांतून व कचेऱ्यांतून. मजुरांच्या चाळींतून त्यानंतरही कित्येक वर्षे गॅसची मिणमिणती ज्योत किंवा घासलेटचा दिवाच चालू होता. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज १६ मे १९०३ च्या संध्याकाळी लूना पार्कचे दरवाजे उघडले, तेव्हा जमलेल्या समुदायाला काय वाटले असेल याची कल्पना येणार नाही. फ्रेडरिक थॉम्सन आणि एल्मर डंडी या दोघा भागीदारांनी तेथे मनोरे, घुमट आणि कमानी उभारून त्यांच्या कडाकडांवर सुमारे २,५०,००० विजेचे दिवे बसविले होते. आतील खेळ काय आहेत हा प्रश्न नंतरचा. दिवसभराच्या कामाने डोळे शिणलेल्या माणसाला दिवे लागणे हाच खेळ पुरेसा होता. पुढच्याच वर्षी विल्यम रेनॉल्ड्स नामक माजी सिनेटराने समोर ड्रीमलँड उभारले, आणि स्पर्धेच्या ईर्ष्येने दिव्यांची संख्या दहा लाखांवर नेली; त्यातील सुमारे एक लाख दिवे एकट्या मधल्या मनोऱ्यावर होते. समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांना अमेरिकेचे पहिले दर्शन स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे न होता या रोषणाईचे होत असे, असे सांगतात. मॅक्झिम गॉर्की १९०६ मध्ये हे सारे पाहून गेला, आणि या झगमगाटात त्याला गरिबांची करमणूक न दिसता त्यांना गुंगवून ठेवण्याची तजवीज दिसली. गॉर्कीचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु ज्याच्या घरी रात्री पुस्तकाचे अक्षर दिसण्याइतका उजेड नाही, त्याला उजेडाचा मोह पडू नये, ही अपेक्षाही थोडी कठोरच म्हणावयाची.

या उजेडाखाली जे काही होते ते लाकडी पट्ट्यांवर चढविलेल्या प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचे होते, आणि आगी तर तेथे नित्याच्याच झाल्या होत्या. जॉर्ज टिल्यूचे स्टीपलचेस पार्क १९०७ मध्ये जळाले, तेव्हा त्या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी धुमसते अवशेष दाखविण्याचे दहा सेंट आकारावयास सुरुवात केली. व्यापारी बुद्धीचा असा नमुना विरळा. ड्रीमलँडची गोष्ट मात्र वेगळी, कारण तेथे आगीस निमित्त झाला तो अंधार. १९११ च्या मे महिन्याची २७ तारीख हा हंगामाचा पहिला दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या रात्री ‘हेल गेट’ या नावेच्या खेळातील गळती बंद करण्यासाठी कामगार उकळते डांबर घेऊन काम करीत होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर दिव्यांत बिघाड होऊन सगळीकडे काळोख झाला आणि त्या काळोखात कोणाचा तरी पाय लागून डांबराची बादली उलटली. उजाडेपर्यंत दहा लाख दिव्यांच्या त्या नगरीची राख झाली. मनुष्यहानी झाली नाही, मात्र पिंजऱ्यांतील अनेक जनावरे गेली. ड्रीमलँड पुन्हा उभे राहिले नाही. पुढे अर्धशतक उलटता उलटता त्याच जागी शहराचे मत्स्यालय आले.

ज्या चाकाची हकीकत पुढे सांगावयाची आहे ते यानंतरचे. चार्ल्स हर्मन याच्या कल्पनेतील ‘वंडर व्हील’ नावाचा हा आकाशपाळणा १९१८ ते १९२० या काळात उभा राहिला. उंची १५० फूट, वजन सुमारे २०० टन, आणि खोल्या २४. यांतील आठ खोल्या चाकाच्या परिघावर पक्क्या जडविलेल्या आहेत. उरलेल्या सोळा चाकाच्या आतल्या अंगास वाकड्यातिकड्या रुळांवर बसविलेल्या असून, चाक फिरू लागले की त्या आपल्याच भाराने केंद्राकडून परिघाकडे आणि परिघाकडून केंद्राकडे घसरत राहतात. नवख्या माणसाला वाटते की खोली सुटली. तेवढ्यात ती गचका देऊन थांबते आणि झोके घेऊ लागते. चाक सुरू झाले त्याच वर्षी भुयारी रेल्वेचे पाच सेंटांचे तिकीट कोनी आयलंडपर्यंत चालू लागले, आणि उन्हाळ्यातील रविवारी तेथे दहा दहा लाख माणसे लोटू लागली. वाळूत सतरंजी अंथरण्याइतकी जागा मिळविण्यासाठी कुटुंबातील एकाला पहाटेच पुढे पाठविण्याची वेळ येत असेल, असे त्या काळची छायाचित्रे पाहून वाटते.

पुढील पन्नास वर्षांत घरोघरी वीज आली, तशी विजेची जत्रा पाहण्याची ओढ ओसरली. लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर उठले नाही. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद झाले. शहराची वीजव्यवस्था मात्र दूरदूरच्या केंद्रांशी आणि धरणांशी तारांनी अशी जखडली गेली की कॅनडातील नायगाराकाठच्या एका वीजकेंद्रातील रक्षकयंत्राने चुकीच्या वेळी वाहिनी तोडल्याने, ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अवघ्या दहाबारा मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. त्या रात्री पौर्णिमेचे चांदणे होते, हवा थंड होती, आणि कोनी आयलंडचा हंगाम केव्हाच आटोपला होता. लोकांनी तो प्रसंग समंजसपणे निभावला व पुढे वर्षानुवर्षे त्याच्या गमती सांगितल्या.

१३ जुलै १९७७ च्या बुधवारी यांतले काहीही अनुकूल नव्हते. उकाड्याने शहर हैराण झाले होते, पालिकेची तिजोरी दोन वर्षांपूर्वीच दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आली होती, आणि अमावास्या तीन दिवसांवर असल्यामुळे आकाशात चंद्र नव्हता. रात्री ८ वाजून ३७ मिनिटांनी हडसन नदीकाठच्या ब्युकॅनन येथील उपकेंद्रावर आकाशातील वीज कोसळून उच्च दाबाच्या वाहिन्या तुटल्या आणि इंडियन पॉइंटच्या अणुभट्टीचा पुरवठा थांबला. पाठोपाठ ८ वाजून ५५ मिनिटांनी दुसरा तडाखा बसला. उरलेल्या तारांवर सगळा भार आला. शहराच्या काही भागांची वीज तत्काळ तोडून बाकीचे वाचविण्यास अवसर होता, परंतु नियंत्रणकक्षात तो निर्णय वेळेवर झाला नाही. ९ वाजून ३६ मिनिटांनी जवळजवळ सारे शहर एकदम विझले. त्या अंधारात ठिकठिकाणी लुटालूट झाली, आणि तिचे आकडे सर्वश्रुत आहेत: १,६१६ दुकाने फुटली, १,०३७ आगी लागल्या, ३,७७६ माणसे पकडली गेली. इतिहासकारांचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक आहे, आणि आम्हीही ते नाकारीत नाही.

परंतु त्याच घटकेस कोनी आयलंडवर वंडर व्हील माणसांसह थांबले. ज्यांच्या खोल्या वर राहिल्या, त्यांच्यापुढे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस दिवेच नसलेले न्यूयॉर्क असे दृश्य आले असले पाहिजे. ते पाहण्यासाठी त्यांनी पैसे मोजले नव्हते. तेव्हा चाकाच्या मालकांनी ते २०० टनांचे धूड हाताने फिरविण्यास घेतले आणि एकेक खोली धक्क्याशी आणून सर्वांना सुखरूप उतरविले. आमच्याकडच्या जत्रांत लाकडी पाळण्यांना मोटार नसतेच. आरीवर पाय देऊन वर चढणारी आणि आपल्या भाराने पाळणा खाली आणणारी माणसेच तो फिरवितात, म्हणून ही गोष्ट आपल्याला फारशी अद्भुत वाटणार नाही. अद्भुत आहे ती तोलाची जाण. सोळा खोल्या मधूनच घसरून आपला भार इकडून तिकडे टाकीत असता, चाक उलटे पळू न देता, ते हातभर पुढे नेऊन थांबवावयाचे, पुन्हा हातभर न्यावयाचे, हे त्या यंत्राच्या अंगोपांगाशी जन्माची ओळख असल्यावाचून साधणारे नाही. नंतर आजतागायत चाकाच्या कीर्तीत अपघातरहित कारकिर्दीबरोबर या एका रात्रीचा उल्लेख अगत्याने होतो.

खाली उतरलेल्यांचा प्रश्न मात्र उतरल्याने सुटला नाही. भुयारी गाड्या बंद, रस्त्यावरील इशाऱ्याचे दिवे बंद, आणि ब्रुकलिन पूल तेथून दहा मैलांच्या आसपास. एका संध्याकाळच्या पोहण्याला आणि आकाशपाळण्याला आलेल्या कुटुंबाने झोपाळू मुलांना खांद्यावर घेऊन घरी कसे जावे, याची तजवीज शहराच्या कोणत्याही खात्याकडे नव्हती. वीजपुरवठा संपूर्ण पूर्ववत होण्यास सुमारे पंचवीस तास लागले.

पुढे १९८३ मध्ये, कोनी आयलंडच्या पडत्या काळात, पूर्वी गाडीवर खाद्यपदार्थ विकणाऱ्या डेनॉस व्हूर्डेरिस या ग्रीक गृहस्थाने ते चाक २,५०,००० डॉलरांना विकत घेतले व डागडुजी करून पुन्हा रंगविले. १९८९ मध्ये शहराने त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. चाकाला २०२० मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या वर्षी तारांत वीज मुबलक होती. परंतु महामारीमुळे करमणुकीची उद्याने उघडण्यास परवानगी मिळाली नाही, आणि शताब्दीचा सोहळा व्हूर्डेरिस घराण्याच्या पुढच्या पिढ्यांना पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत लांबवावा लागला.