सहाशे साचे आणि पडद्यावरील दोन ओळी

परभाषेतील चित्रपट पाहताना पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळींवर, म्हणजेच उपशीर्षकांवर, आपली सारी भिस्त असते. त्या ओळींत ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडली, किंवा ‘सूर्य’ या शब्दातील रफार सुटून ‘र’ पाय मोडून उभा राहिला, तर वाचणारा अडखळतो आणि तेवढ्यात ओळ पुसली जाते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुरता तर संवादच बुडतो. हा दोष संगणकयुगाने आणला, असा आपला समज असतो. वस्तुतः ही अडचण चारशे वर्षांची जुनी आहे आणि तिची नेमकी मांडणी एका धर्मगुरूने करून ठेवली आहे.

वारूळवाडीच्या परिसराला लिप्यांचे वैविध्य नवीन नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. तो डावीकडून उजवीकडे वाचावयाचा. पुढे जुन्नर ही निजामशाहीची आरंभीची राजधानी झाली. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळात द्वैभाषिक कागद निघत. एकाच कागदावर उजवीकडून डावीकडे जाणारी फारसी आणि डावीकडून उजवीकडे धावणारी मोडी नांदत असे. लेखणीला दोन्ही दिशा सारख्याच होत्या. खरी अडचण उभी राहिली ती अक्षर हातातून सुटून साच्यात शिरले तेव्हा.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. १६०८ मध्ये त्यांनी आपल्या संघाच्या वरिष्ठांना पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. मात्र युरोपात चोवीस साच्यांवर काम भागते, येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, ही अडचणही त्यांनी नमूद केली. कारण उघड आहे. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजन काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्या संगतीने रूप बदलते. त्यात जोडाक्षरांची भर. ते साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ओवी आणि परकी अक्षरे! हे काव्य देवनागरीत छापून निघाले ते १९५६ मध्ये, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. मधली तीनशे चाळीस वर्षे आम्हांस फार बोलकी वाटतात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या छापखान्यांनी देवनागरी खिळे घडविले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने तर त्यांना सौष्ठव दिले. तरी कोणता खिळा कोणाच्या शेजारी बसवावा, हे ज्ञान जुळारीच्या बोटांत होते. संगणक आला आणि ते ज्ञान यंत्राला शिकविणे भाग पडले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली सिद्ध झाली. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी तिच्याच आधारे केली.

या संकेतावलीचे तत्त्व असे की, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावी. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावयाची. उपशीर्षकांच्या फाइलीत केवळ संकेत असतात. त्यांना रूप देण्याचे काम चित्रफीत दाखविणाऱ्या प्रणालीचे असते. जुन्या प्रणाली एका संकेताला एक आकृती, डावीकडून उजवीकडे, एवढेच जाणत. ती रीत रोमन लिपीपुरती ठीक होती. मराठीचा मात्र तिने चुरा केला आणि उर्दू-अरबीची त्याहून वाईट गत केली. त्या लिपीत बहुतेक अक्षरांना शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना निरनिराळी रूपे असतात. ओळ उजवीकडून निघते, परंतु तीतील आकडे डावीकडूनच वाचावयाचे. दिशा चुकली की पूर्णविरामही भलत्या टोकाला जाऊन बसतो.

यावर उपाय निघाला तो मुक्त आज्ञावलींच्या परंपरेत. ‘फ्रीबिडी’ ओळीची दिशा ठरविते आणि ‘हार्फबझ’ अक्षरांना योग्य रूप देऊन शेजारी बसविते. जणू नव्या काळाचा जुळारीच! हे दुसरे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. इराणमध्ये वाढलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी त्याची धुरा वाहिली. उपशीर्षके रेखाटणाऱ्या ‘लिबअ‍ॅस’ने या दोघांचा आश्रय घेतला. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभलेल्या व्हीएलसी या लोकप्रिय प्रणालीतही त्यांची योजना झाली. फारसी अक्षरांची वेदना जाणणाऱ्याच्या श्रमाने मराठी वेलांटीही जागेवर आली, हे आम्हांस त्या द्वैभाषिक कागदांची आठवण देणारे वाटते.

यंत्र सुधारले तरी आपले कर्तव्य उरतेच. जुन्या, ज्याच्या त्याच्या फॉन्टांत टंकलेली उपशीर्षके आज उघडली तर निरर्थक चिन्हे दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून ठेवली पाहिजेत. सणाच्या किंवा लग्नाच्या चित्रफितीला मराठी ओळी द्यावयाच्या तर त्या इंग्रजी अक्षरांत न देता देवनागरीत द्याव्या. फादर स्टीफन्स यांना सहाशे साचे मिळाले नाहीत म्हणून त्यांनी रोमन लिपी पत्करली. आपल्यापाशी साचे आहेत. मग परकी अक्षरे आपण कशासाठी पत्करावी?