मीटरपासून पुढे

जुन्या नाशकात तिवंधा, तांबट अळी, डिंगरअळी या बाजूंना अजून काही वाडे तग धरून आहेत. पाहुणे तिथले सागवानी खांब पाहतात. माझी नजर आधी भिंतीवरच्या पट्ट्यांवर जाते. सर्वांत जुनी ती केसिंग-कॅपिंग: दोन खाचांची लाकडी पट्टी, खाचांत रबराच्या आणि सुती वेणीच्या तारा, वर स्क्रूने आवळलेली झाकणपट्टी. तिच्या शेजारून पुढच्या पिढीची बॅटनपट्टी, पत्र्याच्या क्लिपांनी तार धरलेली. मग पांढरी पीव्हीसी पट्टी. आणि या सगळ्यांना ओलांडून खिळ्यावर टांगलेली एक मोकळी वायर; ती कोणी, कधी, कशासाठी ओढली हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

मी जन्मभर याच पट्ट्यांमागे राहिलो. सातपूरच्या आयटीआयतून तारतंत्री होऊन निघालो, वायरमनचे परमिट घेतले, पुढे ठेकेदारीचे लायसन्स. उतारवयात विम्याचे सर्व्हेअर जळालेला बोर्ड पाहायला सोबत नेऊ लागले. आगीनंतर लोक आधी विचारतात, "कशाने लागली?" आणि राख गार व्हायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "मग आता भरायचे कोणी?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आग मीटरच्या कोणत्या बाजूला लागली, यावर ठरते. ही हद्द कशी आखली गेली आणि आपण ती कशी विसरलो, ते सांगायचे आहे.

वीज घरात आली ती दिव्यासाठी. १९१०च्या भारतीय विद्युत कायद्याखाली गावोगावच्या कंपन्यांना वीजपुरवठ्याचे परवाने मिळाले आणि लोकांनी चार-दोन दिवे घेतले. पंखा म्हणजे श्रीमंती. प्लग तर नसेच. इस्त्री करायची झाली की बल्ब काढायचा, होल्डरमध्ये होल्डर-प्लग बसवायचा आणि वरून लोंबणाऱ्या वायरीवर इस्त्री चालवायची. साठ वॉटच्या दिव्यासाठी ओढलेल्या तारेवर साडेसातशे वॉटचा भार. होल्डरला अर्थ नसतो. त्यामुळे इस्त्रीच्या धडात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला इस्त्री करणाऱ्या बाईचा हात हाच रस्ता. माझे उस्ताद सांगत की त्यांच्या तरुणपणी "झटका बसतो म्हणजे इस्त्री तापली" असे लोक हसत हसत म्हणायचे.

तीन गोल पिनांचा प्लग आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या बीएस ५४६ या मानकातून. ते १९३४ सालचे. वरची पिन अर्थची, बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब. लांब अशासाठी, की प्लगचा टॉप आत घालताना अर्थ आधी जुळावा आणि ओढून काढताना शेवटी सुटावा. ५ अँपिअरचा लहान, १५चा मोठा. मोठा टॉप लहान सॉकेटमध्ये शिरूच नये, अशी त्यातली योजना. इंग्लंडने १९४७ साली बीएस १३६३ आणून चौकोनी पिना घेतल्या आणि टॉपच्या पोटातच फ्यूज बसवला. आपण गोल पिनेवरच राहिलो. आयएस १२९३ हे आपले मानक त्याच घराण्यातले. पुढे ५चे ६ आणि १५चे १६ अँपिअर झाले, सॉकेटच्या भोकांना झडपा आल्या, पण टॉपमध्ये फ्यूज काही आला नाही. म्हणजे टेबलावरच्या दिव्याची बारीक वायरदेखील बोर्डातल्या फ्यूजच्या भरवशावर, आणि तो फ्यूज सबंध सर्किटच्या मापाचा.

स्वातंत्र्यानंतर १९५६चे भारतीय विद्युत नियम आले. आमच्या धंद्याची पोथी तीच. ग्राहकाच्या जागेत असलेल्या पुरवठादाराच्या तारा, मीटर आणि कटआउट धोक्याविना ठेवणे हे पुरवठादाराचे काम. त्या सामानाची राखण ग्राहकाने करायची. अर्थचे टर्मिनल मीटरपाशी देणे पुरवठादाराचे काम. तिथून प्रत्येक प्लगपर्यंत अर्थची तार नेणे घरधन्याचे. नियम ४५ सांगत होता की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर घरातले कोणतेही वायरिंग, वाढ किंवा फेरफार शासनाचे लायसन्स असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. नियम ४६ प्रमाणे पाच वर्षांच्या आत एकदा तपासणी व्हायला हवी होती. नियम ४८ने गळतीची मर्यादा घातली: पूर्ण भाराच्या प्रवाहाचा पाच हजारावा भाग, त्याहून अधिक नाही.

यातूनच टेस्ट रिपोर्ट आला. नवी जोडणी हवी तर ठेकेदाराने मेगर फिरवून तारांचे इन्सुलेशन मोजायचे, अर्थ तपासायचा, स्विच फेजवरच आहे ना ते पाहायचे आणि सहीशिक्क्याचा कागद द्यायचा. अर्थसाठी अंगणात खड्डा खणायचा, त्यात प्लेट किंवा जीआय पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळशाचे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात पाणी ओतायचे. खड्डा पहिल्या वर्षी सगळे करत. पाणी ओतणे तिसऱ्या उन्हाळ्यात थांबे. टेस्ट रिपोर्ट मीटर बसेपर्यंत जपला जाई. मीटर बसला की त्याची किंमत संपली, असाच सर्वांचा समज. पाच वर्षांची तपासणी घरगुती जोडणीला झालेली मी फार क्वचित पाहिली.

याच काळात नाशिक बदलले. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, सातपूरला कारखाने उभे राहिले, १९७०च्या सुमारास एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र चालू झाले. वीज वाढली, पण तांबे महाग आणि टंचाईचे. म्हणून घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम शिरले. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते, त्यावर ऑक्साइडची साय धरते, जोड सैल होतो. सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. कॉलेज रोडच्या त्या काळच्या इमारतींत मी सॉकेट उघडले की मागचे बेकलाईट तपकिरी झालेले दिसे, आणि घरातली मंडळी म्हणत, "फक्त गीझर लावल्यावर थोडा वास येतो हो."

त्यात फ्यूजची कथा. चिनी मातीचा किटकॅट उघडायचा, उडालेल्या बारीक तारेच्या जागी वायरीतल्या तांब्याच्या चार पिळ्या घालायच्या, की फ्यूज पुन्हा उडत नाही. घरात याला हुशारी म्हणत. फ्यूजने उडणे हेच त्याचे काम. ते बंद केले की सर्किटमधला सर्वांत अशक्त भाग तापणार, आणि तो भाग बहुधा सॉकेटच. टॉप नसेल तर वायरीची टोके सोलून सॉकेटात खोचायची आणि आगकाड्यांनी घट्ट करायची, हा प्रकारही मी गल्लोगल्ली पाहिला. विजेच्या जोडावर आगकाडी!

वर्तमानपत्रात मात्र एकच वाक्य येते: शॉर्टसर्किटने आग. जळालेल्या घरात तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळलेला गोल मणी सापडतो आणि लोक म्हणतात, हा बघा पुरावा. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, ॲल्युमिनियम ६६०ला. तो मणी स्पार्किंगचा असतो हे बहुधा खरे, पण दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीत तारेचे वेष्टण जळाले की मग तारा एकमेकींना लागतात आणि तेव्हाही तसाच मणी बनतो. म्हणून एकट्या मण्यावर निकाल देता येत नाही. जळण्याची सुरुवात कुठे खोल आहे, सॉकेटची पितळी पाने कुठे वितळली, फ्यूजमध्ये काय घातले होते, हे पाहावे लागते. सैल सॉकेटची आग तर शॉर्टसर्किट नसतेच. तिथे प्रवाह नेहमीइतकाच वाहतो, म्हणून फ्यूजला किंवा एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. वाड्यांना विमा जवळजवळ नव्हताच, आणि त्याला कारण आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. प्रमाणित भाडे सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठलेले. महिना दहा-पंधरा रुपये भाडे घेणारा मालक विम्याचा हप्ता कशाला भरील आणि नवे वायरिंग कशाला करील? कायद्याने दुरुस्ती मालकावर होती, पण करून घेणे भाडेकरूच्या हातात नव्हते. म्हणून भाडेकरू आपापल्या खोलीपुरती वायर ओढत गेला. विमा घ्यायला त्या वस्तूत हितसंबंध असावा लागतो. भाडेकरू आपल्या भांड्याकुंड्यांचा विमा काढू शकतो, मालकाच्या भिंतींचा नाही. अशा रीतीने एका वाड्यात सहा बिऱ्हाडे, सहा मीटर, डझनभर बेवारस वायरी आणि विम्याचा एकही कागद नाही. माडीवर आग लागली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवी, भाडेकरू मालकाकडे, आणि दोघे मिळून विजेच्या खांबाकडे.

खांबापर्यंतची बाजू न्यायालयांनी कडक धरली आहे. रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वाराचा मृत्यू झाला, त्या मध्य प्रदेशातल्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी धोक्याची वस्तू पुरवणाऱ्यावर जबाबदारी येते. दुसऱ्या कोणी चोरून तार ओढली हा बचाव चालणार नाही. हा न्याय तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगला लागू होत नाही. तिथे घरधनीच मालक.

फ्लॅट आले, बँकांची कर्जे आली, तसा घराचा विमा मध्यमवर्गात शिरला. बहुधा बँकेने मागितला म्हणून. १ जानेवारी १९७३पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला होता, आगीचे दर ठरलेले होते. १९६८च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि त्यावरच्या दाव्यांना परवानाधारक सर्व्हेअर आवश्यक केला होता. दर खुले झाले ते १ जानेवारी २००७ला. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज कोसळणे, भूकंप, पूर हे त्यात येते. गोदावरीचा २००८, २०१६ आणि २०१९चा पूर पाहिलेल्या सराफ बाजाराला पुराचे महत्त्व सांगायला नको. पाण्याखाली गेलेला बोर्ड मेगर केल्याशिवाय चालू करू नका, एवढेच माझे म्हणणे.

या पॉलिसीतला एक अपवाद प्रत्येकाने वाचावा. तो जुन्या आगीच्या पॉलिसीतही होता. ज्या विद्युत उपकरणात किंवा फिटिंगमध्ये जादा भार, शॉर्टसर्किट, स्पार्किंग, आपोआप तापणे किंवा गळती झाली, त्या वस्तूची भरपाई नाही. पण हा अपवाद त्या एका वस्तूपुरताच. सॉकेट जळाले तर सॉकेटचे पैसे नाहीत; सॉकेटमधून पडदा पेटला, कपाट गेले, छत काळे झाले, तर तो आगीचा दावा. लोक पहिला अर्धा भाग ऐकतात आणि दावा करतच नाहीत, किंवा जळालेल्या टीव्हीसाठी भांडत बसतात. घरधन्याचा साधा हलगर्जीपणा म्हणजे मुद्दाम लावलेली आग नव्हे, हेही आगीच्या विम्याचे जुने तत्त्व आहे. मात्र तुमची आग शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली तर त्याचे नुकसान या पॉलिसीत येत नाही. त्रयस्थाच्या दायित्वाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. आणि शेजाऱ्याच्या विमा कंपनीने त्याला पैसे दिले, की ती त्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. तेव्हा वायरिंग कोणी केले, लायसन्स होते का, सॉकेट आयएसआयचे होते का, हे सगळे निघते. २००३च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वायर आणि स्विचला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले, त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. तरी चिन्ह नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड आठवडी बाजारात सहज मिळतो.

१९५६चे नियम गेले, २०१०मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३मध्ये ते पुन्हा नवे झाले. लायसन्सदार माणसाचा आग्रह मात्र जसाच्या तसा आहे. माझ्या मते नियम कधीच कमी पडले नाहीत. कमी पडला तो आपला समज, की टेस्ट रिपोर्ट हा मीटर मिळवायचा कागद आहे. तो खरे तर आग लागल्यानंतरचा कागद आहे.

म्हणून सांगणे थोडके. दर पाच वर्षांनी लायसन्सदार माणसाकडून मेगर करून घ्या आणि सहीचा कागद मागा. लाइटच्या एका सर्किटवर दहा पॉइंट आणि ८०० वॉट, याहून अधिक नको. गीझर, एसी, इंडक्शनला स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन काढा. घर लहान असले, तरी गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गरम लागणारे सॉकेट त्याच दिवशी बदला. आणि टेस्ट रिपोर्ट, ठेकेदाराचे बिल आणि विम्याची पॉलिसी एकाच फायलीत ठेवा. ती फाईल मात्र घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असू द्या.